विद्यार्थ्याने गावाच्या दाराने आत यावे

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके वसले आहेत. संत्र्यांच्या बागा, कपाशीची शेते, चुलीपाशी मराठी आणि कचेरीत हिंदी, असे या मुलखाचे रूप आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे दोन्ही तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोहोंचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. दाखल्यांची आणि बदल्यांची वाट भोपाळकडे जाते. परंतु घरात कोणी गंभीर आजारी पडले की सौंसरचा माणूस आजही साठ-सत्तर किलोमीटरांवरील नागपूरची वाट धरतो. राज्याची सीमा नकाशावर असते. दुखण्याला ती ठाऊक नसते.

या वाटेने जाणाऱ्या दुखण्यांपैकी एक असे आहे की, ज्याच्याकडे पाहिले असता आरोग्याच्या क्षेत्रातील विषमता म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागू नये. त्याचे नाव सिकलसेल. रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या रोगात त्या विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडे व सांधे असह्य दुखतात, अंगात रक्त राहत नाही, साध्या तापाचेही निमित्त पुरते. हा रोग स्पर्शाने होत नाही, पाण्याने होत नाही. तो आईबापांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच दोष आला तर मूल केवळ वाहक होते आणि सहसा धडधाकट असते. मात्र आई व बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी निपजण्याचा संभव चारात एक असतो. मध्य भारतात हा दोष आदिवासी आणि दलित समाजांत अधिक आढळतो; म्हणजे ज्यांच्या दाराशी डॉक्टर सर्वांत उशिरा पोहोचतो, त्यांच्याच घरी हा रोग आधी पोहोचलेला असतो.

या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९१० साली शिकागो येथे डॉ. जेम्स हेरिक यांनी केली. तो रोगी वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेला एक विद्यार्थी होता. आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या चमत्कारिक पेशी प्रथम ज्याच्या दृष्टीस पडल्या, तो अर्नेस्ट आयर्न्स हाही हेरिक यांच्या हाताखालचा एक तरुण उमेदवार डॉक्टर होता. आपल्या बाजूची हकीकत याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. नागपूरच्या शुक्ल व सोळंकी या दोन संशोधकांनी मध्य भारतात हा दोष आढळतो असे १९५८ सालीच लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगास कळविले. त्यानंतर या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ च्या १ जुलैस मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. मध्ये पासष्ट वर्षे गेली. एवढ्या अवधीत नागपूरचे ज्ञान लंडनला पोहोचून जगभर फिरले. परंतु नागपूरपासून एका दिवसाच्या अंतरावरील खेड्यातल्या आईला आपल्या मुलाचे हातपाय दर थंडीत का सुजतात, हे पुष्कळदा कळलेच नाही.

ही वाट लांबीने मोठी नव्हती. तिच्या गावाकडील टोकाला ज्ञान हाती घेणारे कोणी उभे केले गेले नव्हते, एवढेच. शहर आणि खेडे यांच्यामधली ही तूट भरून काढण्यास विद्यार्थ्यांइतके योग्य मनुष्यबळ दुसरे नाही, असे अनेक देशांतील अनुभवी लोकांना वाटत आले आहे. विद्यार्थ्यापाशी वेळ असतो, उमेद असते, आणि त्याचे मन अजून फीच्या हिशेबात अडकलेले नसते. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ‘ग्लोबमेड’ नावाची विद्यार्थ्यांची एक चळवळ उभी राहिली. तिचे सूत्र असे होते की, एका महाविद्यालयाच्या गटाने एकाच लोकसंस्थेशी नाते जोडावे आणि ते वर्षानुवर्षे सांभाळावे. हे सूत्र परदेशी वाटेल. पण त्याचे उत्तम दाखले शोधण्यास सौंसरहून फार दूर जावे लागत नाही.

प्रथम एका दिवसाच्या शिबिराविषयी बोलले पाहिजे, कारण सेवेचा तोच प्रकार सर्वांत अधिक आढळतो. सकाळी मोटार येते. शाळेच्या पडवीत टेबल मांडले जाते, बोटे टोचली जातात, भाषणे होतात, छायाचित्र निघते आणि दिवेलागणीपूर्वी मोटार परत जाते. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. परंतु त्या दिवशी ज्या मुलीच्या रक्तात दोष आढळला, तिचे पुढे काय? तिच्या हाती एक कार्ड येते आणि गावात एक शब्द पसरतो. तिचे लग्न ठरताना त्या शब्दाचे काय होईल, वाहक म्हणजे रोगी नव्हे हे सोयऱ्यांना कोण समजावील, याचे उत्तर मोटारीत बसून निघून गेलेल्यांपाशी नसते. असली सेवा म्हणजे ‘दुखणे हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला’ या म्हणीतलाच प्रकार होय.

याउलट वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे उदाहरण पाहावे. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तेथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचा एक परिपाठ असा की, नवा विद्यार्थी आधी आश्रमात राहतो आणि मग त्याची तुकडी एक खेडे दत्तक घेऊन तेथे मुक्काम करते. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात. शिबिर संपले तरी विद्यार्थी त्या घरांकडे ठराविक काळाने परत जात राहतो. पुस्तकात हिमोग्लोबिनचा आकडा शिकणे निराळे, आणि तो आकडा ज्या माउलीचा आहे तिच्या घरी वर्षातून अनेकदा बसून, ती सर्वांत शेवटी व उरलेसुरले का जेवते हे उमगणे निराळे.

सेवाग्रामच्या मंडळींनाही सारे पहिल्याच दिवशी साधले असे नाही. डॉ. उल्हास जाजू व त्यांच्याबरोबरचे विद्यार्थी जवळच्या नागापूर या खेड्यात जाऊ लागले, तेव्हा रोगप्रतिबंधाचा उपदेश त्यांच्या मनात होता. गरिबाची निकड मात्र वेगळी होती. एकाएकी मोठे दुखणे आले तर दवाखान्याचा खर्च कोठून करावा, ही त्याची चिंता होती. ती ऐकून घेतल्यावर जी योजना आकारास आली तिचा पाया ज्वारी हा होता. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची. जमीनवाल्याने अधिक, भूमिहीनाने थोडी. वेळ आली की उपचार मात्र गरजेप्रमाणे मिळावयाचे. गावाने ज्वारी दिली म्हणून दवाखान्याच्या ओसरीवर त्याला हक्काने बसता आले. जो काहीच देत नाही त्याला उपकृत व्हावे लागते. ज्याने पायलीभर तरी घातली, तो भागीदार असतो.

गडचिरोलीची हकीकत तर थेट या रोगाशीच निगडित आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दाम्पत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परतले आणि १९८६ च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यात त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू झाले. आरंभीच्या दिवसांत त्यांनी तेथील लोकांत सिकलसेल शोधून काढला. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठी कामगिरी होती. तथापि लोकांनी तिच्याविषयी फारशी आस्था दाखविली नाही. हा प्रश्न आपण निवडला होता, लोकांनी नव्हे, ही चूक डॉ. बंग यांनी पुढे मोकळेपणाने बोलून दाखविली आहे. शास्त्रज्ञाने आपली चूक अशी सांगणे ही पुढच्या विद्यार्थ्यांस दिलेली मोठीच देणगी समजावी.

त्यानंतर त्यांनी कान देऊन ऐकण्यास प्रारंभ केला. स्त्रियांनी आपली आजवर कोणास न सांगितलेली दुखणी सांगितली, आणि वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. १९८९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. पुढे ३९ गावांतील निवडक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांची काळजी घरीच घेण्याची रीत त्यांनी बसविली. तीन वर्षांत तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली त्यांनी दाखवून दिले, आणि २०११ पासून ही रीत आशा कार्यकर्तीच्या द्वारे देशभर गेली. २००६ पासून हीच मंडळी ‘निर्माण’ या उपक्रमातून तरुणांची शिबिरे घेतात. तेथे आलेल्या तरुणापुढे पहिला प्रश्न असतो तो, आपले शिक्षण कोणाच्या कामी येणार, हा.

जामखेडने याही पुढची पायरी दाखविली. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून निघालेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम मांडले. त्यांनी खेड्यातल्या, पुष्कळशा निरक्षर व दलित, स्त्रियांना गावाच्या आरोग्यसेविका केले. १९७८ साली अल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय जाहीर केले, त्याच्या आधी ज्या थोड्या प्रयोगांकडे जागतिक आरोग्य संघटनेने बोट दाखविले त्यांत जामखेड होते. आज तेथे देशोदेशींचे विद्यार्थी येतात आणि त्याच आरोग्यसेविका त्यांच्या गुरू होतात. परदेशी विद्यापीठाचा पदवीधर खाली बसतो आहे आणि पदर खोचलेली बाई त्याला समजावून देते आहे, हे दृश्य समतेवरच्या दहा व्याख्यानांच्या तोडीचे आहे.

या साऱ्याचा सौंसरशी संबंध आता निकट आला आहे. छिंदवाड्यास २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशातील प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने काही ग्रामीण कुटुंबे दत्तक घ्यावीत, असा नियम अभ्यासक्रमात घातला. सेवाग्रामने स्वेच्छेने जे चालविले ते आता सर्वांना लागू झाले. नियमाने विद्यार्थी गावापर्यंत येईल खरा. परंतु नियम त्याला ओसरीवर बसवू शकत नाही. वहीत सही घेऊन परत जाणे त्याला शक्य आहेच.

यास्तव गावाकडील टोक बळकट करणे अगत्याचे आहे. गावात संस्था नाहीत असे नव्हे. महिलांचे बचत गट आहेत, आशाताई व अंगणवाडीच्या बाई आहेत, ग्रामसभा आहे, भजनी मंडळे आहेत. त्यांनी विद्यार्थ्यांच्या गटास बोलवावे, आणि काय हवे ते आधी सांगावे. कोणत्या घरी आधी जावे, कोणती गोष्ट चारचौघांत बोलू नये, कोणत्या सासूला प्रथम विश्वासात घ्यावे, हे बचत गटातील बाईस जितके कळते तितके कोणत्याही प्राध्यापकास कळणार नाही. विद्यार्थ्यांनी रक्ततपासणीचा अर्थ सोप्या मराठीत समजावावा. वेदना कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतली जाते की नाही हे पाहावे. सीमेपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात पाठविलेला रोगी परत आल्यावर त्याची हिंदी, मराठी, इंग्रजी अशी तीन भाषांतील कागदपत्रे लावून द्यावीत. हे काम लहान दिसते, पण रोग्याचा जीव पुष्कळदा असल्या लहान कामांवरच अवलंबून असतो.

आणि ही तुकडी परीक्षा देऊन निघून गेली, तर पुढच्या तुकडीने त्याच गावात, त्याच घरी आले पाहिजे. दरवर्षी नवे गाव निवडल्याने अहवालाची पाने वाढतात, विश्वास वाढत नाही.

अशा कामाची एक सोपी कसोटी आहे. पाच वर्षांनी कोणी गावात जाऊन विचारावे की, रोग्यांच्या नोंदींची वही कोठे आहे. ती शहरातील महाविद्यालयाच्या कपाटात असेल, तर विद्यार्थी गावाला भेट देऊन गेले असे समजावे. ती आशाताईच्या पेटीत कुलूपबंद असेल, घरोघरची गुपिते तिने जपली असतील, आणि थंडी सुरू होताच कोणत्या मुलाकडे आधी जावयाचे हे तिला वही न उघडताही ठाऊक असेल, तर १९५८ साली नागपूरहून निघालेले ज्ञान उशिरा का होईना, गावी पोहोचले असे म्हणता येईल.