डांबराचं म्हातारपण

पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला कारपेटची, म्हणजे वरच्या डांबरी थराची, उखडलेली ढेकळं पडलेली असतात. त्यातलं एखादं उचला आणि मोडून पाहा. वरची बाजू राखाडी, बिस्किटासारखी कुडकुडीत. आतून मात्र अजून काळं. रस्त्याचं वय त्या तुकड्यावर वाचता येतं.

आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो ते कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर मागे राहिलेलं बिटुमेन. त्यात काही अंश तेलकट, काही जड. हवेतला प्राणवायू आणि ऊन तेलकट अंश कमी करत नेतात, जड वाढवतात. मग जे डांबर ओढलं की ताणलं जायचं, ते तडकू लागतं. आणि यातलं बरंचसं म्हातारपण रस्त्यावर यायच्या आधीच, हॉटमिक्स प्लांटवर येतं! तिथे दीडशे अंशांच्या वर तापलेल्या खडीवर डांबराचा अगदी पातळ पापुद्रा बसतो आणि हवा त्याला चहूबाजूंनी भिडते. प्रयोगशाळेत याचीच नक्कल करतात: फिरत्या बाटल्यांमध्ये, १६३ अंशांवर, ८५ मिनिटं. पुढच्या काही वर्षांचं ऊन-वारं दाखवायला तेच डांबर दाबाखालच्या गरम हवेत २० तास ठेवतात.

आता यात टाकाऊ प्लॅस्टिक आलं की काय होतं? मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. राजगोपालन वासुदेवन यांना टाकाऊ प्लॅस्टिक रस्त्यात वापरण्याच्या कामासाठी २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांची युक्ती साधी: पिशव्यांचा चुरा डांबरात ढवळायचा नाही, तापलेल्या खडीवर टाकायचा. तो वितळून खडीला लेप बसतो, वरून डांबर. खडीत पाणी शिरत नाही, पकड घट्ट होते. पण नीट बघा, डांबर बाहेरच राहिलं. ऊन-वारं त्यालाच लागणार. प्लॅस्टिक घातलं म्हणजे डांबर म्हातारं व्हायचं थांबलं, असं नाही.

तोच चुरा डांबरात ढवळला तर वेगळीच अडचण. मिश्रण टाकीत नुसतं उभं राहिलं की हलकं प्लॅस्टिक दुधावरच्या सायीसारखं वर जमतं.

प्लॅस्टिकसारखाच जुन्या टायरचा चुराही डांबरात मिसळतात; त्याची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. गरम डांबरात तो तेलकट अंश पिऊन फुगतो. टायर लवकर कुजू नये म्हणून कारखान्यात घातलेली काजळी आणि रसायनं थोडीफार डांबराच्याही कामी येतात, त्याचं वय सावकाश वाढतं. मात्र उष्णतेने रबराच्या लांब साखळ्या तुटतात. म्हणजे एकीकडे डांबर कडक होतंय, दुसरीकडे रबर सैल पडतंय, आणि चाचणीत एकाची खोट दुसरं झाकतं. आकडा जवळजवळ जुनाच येतो, वस्तू मात्र जुनी राहिलेली नसते. म्हणून नुसत्या मृदुबिंदूवर, म्हणजे डांबर किती अंशांना मऊ पडतं त्या आकड्यावर, विसंबून पास-नापास ठरवणं मला पटत नाही; थंडीत तडा कधी जातो तेही तपासायला हवं.

आणि प्लांटवाल्यांना एक विनंती. मिश्रण घट्ट झालं की भट्टी वाढवायचा मोह होतो. डांबरातून निळसर धूर निघेपर्यंत तापवू नका. पीव्हीसीचे तुकडे तर चुऱ्यात येऊच देऊ नका, तापल्यावर त्यातून विषारी वायू सुटतो.

तुमच्या गावात प्लॅस्टिकमिश्रित रस्त्याची पाटी लागली असेल, तर तिच्यावरची तारीख टिपून ठेवा. पाच पावसाळ्यांनंतर त्याच जागी जाऊन भेगा मोजा.