शहराच्या धुराचे परिमाण



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गेल्या पन्नास वर्षांच्या कार्याचा हिशेब समाजापुढे ठेवला जातो. पुढील पन्नास वर्षांत उदगीरकरांना पाणी किती मिळेल, ऊन किती सोसावे लागेल, याचाही विचार याच वेळी होणे अगत्याचे आहे.

या जिल्ह्याला त्याची चुणूक मिळालेली आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. 'जलदूत' गाडीच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, परळीच्या औष्णिक वीजकेंद्रातील वीजनिर्मिती पाण्याअभावी थांबवावी लागली होती. केंद्राला पाणी पुरविणारे खडका धरण आटले होते. कोळसा जाळण्यासाठी उभारलेले केंद्र दुष्काळाने बंद पाडले, ही घटना मराठवाड्याने विसरू नये.

प्रत्येक दुष्काळाचे खापर तापमानवाढीवर फोडणे न्यायाचे नाही. पीकपद्धती आणि पाण्याचे नियोजन यांचाही त्यात वाटा असतो. तथापि वाढत्या उष्णतेने जमिनीतील ओल लवकर उडते, पाऊस मोजक्या दिवसांत धो-धो पडतो आणि मध्ये मोठे खंड पडतात. कोरडवाहू शेतकऱ्याला, पर्यायाने मोंढ्यातील अडत्याला आणि डाळमिलच्या मालकाला, ही गोष्ट निराळी सांगावी लागत नाही.

या उष्णतेचे प्रमुख कारण कोळसा, डिझेल, पेट्रोल आणि गॅस यांच्या ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हे आहे. कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून निघणारा मिथेन त्यात भर घालतो. कोणते शहर किती वायू सोडते, हे मोजता येते. मुंबईने ते मोजले. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने आपला वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार २०१९ या वर्षी शहराचे उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन, म्हणजे दरडोई सुमारे १.८ टन होते. रस्त्यावरील वाहनांचा धूर सर्वांना दिसतो, परंतु वाहतुकीचा वाटा २० टक्केच निघाला. कचऱ्याचा वाटा ९ टक्के आणि घरे, दुकाने, कारखाने यांतील वीज व इंधनाचा तब्बल ७१ टक्के होता. मोजमाप झाल्यामुळेच उद्दिष्टे ठरविता आली : २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० मध्ये निव्वळ शून्य.

उदगीरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १ लाख ३ हजार ५५० होती. मुंबईपुढे हे गाव लहानच. परंतु २०२१ मध्ये महाराष्ट्रातील 'अमृत' योजनेतील ४३ शहरे निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या जागतिक मोहिमेत सहभागी होत असल्याचे जाहीर झाले, आणि 'अमृत' शहरांच्या यादीत उदगीरचेही नाव आहे. तेव्हा हा विषय परक्या शहराचा राहिलेला नाही.

"भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, मग काटकसर उदगीरने का करावी?" असा प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. ज्या देशांनी शतकभर धूर सोडला, त्यांची जबाबदारी मोठी आहेच. परंतु येथे सुचविलेले उपाय गावाच्या हिताचेही आहेत. देशातील सरासरी पाहता एक युनिट विजेमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला १०० युनिट वापरणारे घर वर्षाकाठी सुमारे ८४० किलो वायूला कारण ठरते; तो परळीच्या किंवा दूरच्या एखाद्या चिमणीतून निघतो, म्हणून घरी दिसत नाही. हेच घर छतावर सौर संच बसविते, तेव्हा धूर आणि वीजबिल दोन्ही घटतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचास ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले. डाळमिलच्या पत्र्यांवर आणि मंगल कार्यालयांच्या गच्चीवर तर जागेची वाण नाही. मंगल कार्यालयातील ओला कचरा खतात गेला, तर मिथेन टळतो. तुराट्या आणि सोयाबीनचे काड बांधावर पेटविण्याऐवजी त्यांचे खत केले, तर जमिनीचा कस टिकतो.

जैन श्रावकाला ही शिकवण नवी नाही. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती हे सजीव मानणाऱ्या परंपरेने गृहस्थाला सर्वत्याग सांगितला नाही, परिमाण सांगितले. पंधरा कर्मादानांमध्ये, म्हणजे श्रावकाने वर्ज्य करावयाच्या व्यवसायांमध्ये, कोळसे पाडणे, वनतोड, वणवा लावणे आणि तलाव आटविणे यांची गणना आहे. निष्प्रयोजन हिंसेला अनर्थदंड म्हटले आहे. पिठाची गिरणी चालविणे ही गरज होय. रिकाम्या दालनातील चालू पंखे आणि मिरवणुकीचा तासन्‌तास धडधडणारा जनरेटर हा अनर्थदंड होय.

मात्र मोजल्यावाचून परिमाण करता येत नाही. व्यापारी समाजाला वही लिहिण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. मंदिर, स्थानक, पाठशाळा, मिल आणि घर यांनी वर्षभराची विजेची युनिटे, डिझेलचे लिटर आणि गॅसच्या टाक्या एका पानावर लिहून काढाव्यात. एका लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो आणि घरगुती गॅसच्या एका टाकीमागे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा. दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या वहीत हे पान जोडावे आणि पुढील वर्षी ते तपासावे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी लिहिलेले असे पहिले पान शताब्दी साजरी करणाऱ्या पिढीच्या हाती मोलाचा ठेवा म्हणून जाईल.

जय जिनेंद्र.