पेनड्राइव्ह बंद, मोबाइल चालू

शिरोली एमआयडीसी म्हटलं की आपल्याला फौंड्री आठवते. भट्टी, वाळू, साचे. पण श्रोतेहो, आज ज्या भांडणाविषयी बोलायचं आहे ते भट्टीपाशी होत नाही. ते होतं शेजारच्या लॅबमध्ये, एका जुन्या काँप्युटरपुढं.

भट्टीतल्या रसाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर ठेवला की ठिणगी पडते आणि थोड्याच वेळात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक यांचं प्रमाण पडद्यावर येतं. हा रिपोर्ट मालाबरोबर गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. यंत्र महागाचं, वर्षानुवर्षं चालणारं. सॉफ्टवेअर मात्र खरेदीच्या वेळचं. आमच्याकडं ते विंडोज एक्स्पीवरच चालायचं. एक्स्पीची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. असा काँप्युटर नेटवर्कपासून तोडून ठेवणं शहाणपणाचंच. मग रिपोर्ट बाहेर काढायचा कशानं? पेनड्राइव्हनं.

मी होतो त्या कारखान्यात अशाच एका पेनड्राइव्हमधून व्हायरस आला. दोन दिवस डिस्पॅच अडलं. मालक भडकले. आयटीच्या मुलाला बोलावून म्हणाले, सगळे यूएसबी बंद कर. त्यानं केले. लॅबला कुणी विचारलं नाही. त्या बैठकीला मी हजर होतो, मीही नाही.

पहिल्याच रात्रपाळीला लॅबमधल्या पोराचा फोन आला, "साहेब, गाडी दारात उभी हाय. रिपोर्ट कसा काढू?" पासवर्ड आयटीच्या मुलाकडं, आणि त्याचा फोन बंद. मी म्हटलं, कर काहीतरी. त्यानं पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि व्हॉट्सॲपनं पाठवला. महिन्याभरात ड्रॉइंगही त्याच वाटेनं फिरू लागली. गुप्ततेचा करार करून घेतलेली ड्रॉइंग, आणि ती कामगारांच्या मोबाइलमध्ये, घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी!

हे उघड झालं तेव्हा मेमो मिळाला पोराला. नोटीस बोर्डावर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ लागलं. कलम खरं आहे. परवानगीशिवाय माहितीची नक्कल केली तर भरपाई, लबाडीनं केली तर कलम ६६ खाली शिक्षा. पण इथं परवानगी मीच दिली होती, तोंडी. मालकांना हे सांगायला मला चार दिवस लागले. मेमो मागं घेतला गेला, पण पोरगं बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायचं.

आयटीवाल्यांची भीती खोटी नाही. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट पेनड्राइव्हमधूनही पसरत होता. पण मे २०१७ मध्ये रेनॉच्या कारखान्यांतलं काम थांबवणारा वॉनाक्राय नेटवर्कमधून पसरला. तिथं यूएसबीचं कुलूप काय करणार?

शेवटी आयटीच्या मुलालाच एक रात्रपाळी लॅबमध्ये बसवलं. सकाळी डोळे चोळत म्हणाला, "मला वाटायचं, रिपोर्ट दिवसातून एकदाच निघतो." त्या रात्री नऊ हीट झाल्या होत्या. त्यानंतर लॅबला एकच नोंदवलेला पेनड्राइव्ह मिळाला. वेगळ्या काँप्युटरवर तपासून मगच लावायचा, आणि रात्री अडलं तर सुपरवायझरकडं पासवर्ड. मी असेपर्यंत तक्रार एकच राहिली. पॅटर्न शॉपची माणसं तोच पेनड्राइव्ह मागायला यायची.