घड्याळ कोणाच्या हाती?

(एकोडी, जि. भंडारा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या नेमक्या कोठे टाकल्या जातात, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पेंढ्या बांधावर राहिल्या, तर रोवणाऱ्या बाईला चिखल तुडवीत पुन:पुन्हा बांधापर्यंत यावे लागते. त्याच पेंढ्या बांधीत अंतराअंतरावर आधीच टाकून ठेवल्या, तर हात थांबत नाही आणि पायांचे श्रमही वाचतात. काम तेच, माणसे तीच. दिवसाअखेरचा थकवा मात्र वेगळा. अशा निरीक्षणाला मोजमापाची, नोंदीची आणि शिक्षणाची जोड मिळाली, तेव्हा औद्योगिक अभियांत्रिकी हा व्यवसाय जन्माला आला. इतर अभियंते यंत्र घडवतात, पूल बांधतात. हा अभियंता माणूस, यंत्र, माल आणि वेळ यांचा मेळ घालतो.

कामातील हुशारी आपल्याकडे नव्हती असे नाही. याच भंडारा-गोंदियाच्या मुलखात कोहळी समाजाने शेकडो तलाव उभारले. मातीची पारख, पाण्याची वाट आणि शेकडो हातांचे नियोजन यांवाचून ते शक्य झाले नसते. परंतु कसब पित्याकडून पुत्राकडे जाते. व्यवसायाला मोजमाप लागते, अभ्यासक्रम लागतो आणि समाजाला उत्तर देण्याची जबाबदारी लागते. ही तिसरी अट या व्यवसायाला सर्वांत जड गेली.

त्याचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाला. १८८६ साली हेन्री टाऊन यांनी यंत्र अभियंत्यांच्या सभेत असा विचार मांडला की, अभियंत्याने केवळ यंत्राचा नव्हे, तर कारखान्यातील खर्चाचा आणि कामाच्या व्यवस्थेचाही अभ्यास केला पाहिजे. त्याच सुमारास फ्रेडरिक टेलर हा मिडव्हेल पोलाद कारखान्यात हातात घड्याळ घेऊन प्रत्येक कामाचे तुकडे पाडीत होता आणि प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते टिपून ठेवत होता. पुढे बेथलेहेमच्या कारखान्यात, त्याच्याच कथनानुसार, कच्च्या लोखंडाचे ठोकळे उचलणारा मजूर दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेला. काम जवळजवळ चौपट झाले. मजुरी वाढली ती सुमारे ६० टक्के.

या दोन आकड्यांमध्येच या व्यवसायाचे सारे यश आहे आणि सारे दु:खही आहे. बचत झाली हे खरे. पण ती कोणाच्या पदरात पडली?

हा प्रश्न कामगारांनी लवकरच विचारला. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रनिर्माणीत घड्याळ घेऊन माणूस उभा राहिला, तेव्हा ओतकाम करणाऱ्या कारागिरांनी काम थांबवले. जवाहरनगरची आयुधनिर्माणी ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या घटनेचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. पुढे अमेरिकन संसदेने चौकशी केली आणि सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावून कामगाराचे काम मोजण्यावर निर्बंध आला. तो १९४९ पर्यंत टिकला.

याच काळात दुसरी एक वाट निघाली. फ्रँक गिलब्रेथ हा स्वत: गवंडीकाम शिकलेला. वीट रचताना गवंडी अठरा हालचाली करतो आणि प्रत्येक विटेसाठी कमरेत वाकतो, हे त्याने पाहिले. त्याने विटा कमरेच्या उंचीवर येतील अशी परांची तयार केली, हालचाली पाचांवर आणल्या आणि तासाला १२० विटांऐवजी ३५० विटा रचता येऊ लागल्या. टेलरने प्रामुख्याने वेळ पाहिली. गिलब्रेथने वाकलेली पाठ पाहिली. त्याची पत्नी लिलियन मानसशास्त्राची विदुषी होती. थकवा हा माणसाचा आळस नसून कामाच्या सदोष रचनेचे लक्षण आहे, हा या दांपत्याच्या कार्याचा गाभा. पतीच्या निधनानंतर मुलांचा मोठा संसार सांभाळून लिलियनने हे शास्त्र स्वयंपाकघरापर्यंत नेले आणि १९३५ मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली. ओटा किती उंच असावा आणि भांडी कोठे ठेवावीत, हाही अभियांत्रिकीचाच प्रश्न आहे, हे तिने जगाला पटवून दिले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मुंबईच्या कापड गिरण्यांत हे शास्त्र आले ते ‘कार्यक्षमता योजना’ या नावाने. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन किंवा चार सांभाळावेत, सूतकताईच्या साच्याची एक बाजू पाहणाऱ्याने दोन पाहाव्यात, असा तिचा आशय होता. माग वाढले की माणसे कमी होणार, हे कामगाराला कोणी शिकवावे लागले नाही. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा जवळपास सहा महिने सार्वत्रिक संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. त्यातून फॉसेट समिती नेमली गेली. गिरणगावाच्या चुलींनी तेव्हा जी किंमत मोजली, ती कोणत्याही कार्यक्षमतेच्या तक्त्यात नोंदली गेली नाही. पुढे अनेक दशके ‘कार्यक्षमता’ म्हणजे ‘कपात’ हे समीकरण कामगारवस्तीत रुजले, त्याचे मूळ येथे आहे.

स्वातंत्र्यानंतर नवा आरंभ झाला. १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तज्ज्ञ भारतात आले. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली आणि १९६३ मध्ये मुंबईत पवई परिसरात ‘नीटी’ ही औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्यातून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी देशातील अनेक कारखाने सावरले. २०२३ पासून ती संस्था भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई या नावाने ओळखली जाते.

दरम्यान जपानने एक मार्मिक धडा दिला. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी उभारलेल्या पद्धतीत, दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढून कामाची साखळी थांबवू शकतो. टेलरच्या कारखान्यात घड्याळ साहेबाच्या हाती होते. येथे दोरी कामगाराच्या हाती आली. काम करणाऱ्यालाच त्या कामाचे सर्वाधिक ज्ञान असते, ही जाणीव व्हायला अर्धे शतक जावे लागले. अर्थात तेथेही कामाचा ताण आहेच. परंतु कामगाराच्या बुद्धीला स्थान मिळाले, हे लहान अंतर नव्हे.

आपल्या जिल्ह्यात या शास्त्राला काय काम आहे, असे कोणी विचारील. भातगिरणीत पोती पाठीवर घेणारा हमाल पाहा. गाडी आणि थप्पी यांच्या उंचीत मेळ नसल्याने दर पोत्यामागे त्याची पाठ किती वेळा वाकते, हे कोणी मोजले आहे काय? विडी वळणारी माउली हजारावर मजुरी घेते. तिची मान, तिचे डोळे, तिच्या सुपाची उंची कोणाच्या अभ्यासाचा विषय झाली? मोठ्या कारखान्यांना अभियंते मिळतात. मिळत नाहीत ते या माणसांना.

गावातील जे तरुण-तरुणी अभियांत्रिकी शिकत आहेत, त्यांनी नागपूर-पुण्याला जरूर जावे. परंतु सुटीत परतल्यावर एक दिवस वही घेऊन भातगिरणीत बसावे. आधी हमालाला विचारावे, मग मोजावे आणि मोजलेले प्रथम त्यालाच दाखवावे. हा क्रम उलटला, म्हणूनच वॉटरटाऊनमध्ये हात थांबले आणि मुंबईत माग थांबले.

श्रम वाचवणे ही विद्या आहे. वाचलेल्या श्रमाचा न्याय्य वाटा श्रमणाऱ्याला मिळवून देणे हा त्या विद्येचा धर्म आहे. विद्या महाविद्यालयात मिळते. धर्म मात्र समाजानेच शिकवावा लागतो, आणि तो शिकवण्याचा अधिकार एकोडीसारख्या कष्टकरी गावाइतका दुसऱ्या कोणाला असणार?