हाताची घडी, तोंडावर बोट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातलं आयटी क्षेत्र’ हा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. आयटीवर बोलू शकतील असे आपल्या बॅचमध्ये डझनभर लोक आहेत आणि त्यातले निम्मे माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर आहेत. मी बोलणार आहे ते मधल्या अडीच वर्षांबद्दल. त्या काळात मी प्रोग्रॅमिंगची एक ओळही लिहिली नाही. लोकांना खुर्चीतून उठायला, जिना चढायला आणि स्वतःचा चहा करायला मदत करणं, हे माझं काम होतं. खरं सांगायचं तर मदत न करणं, हे माझं काम होतं. ते कसं, ते सांगते.

सुरुवात अण्णांपासून करावी लागेल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझे अण्णा आठवत असतील. ते एसटीत होते. नववीच्या सहलीला कराड स्टँडवर उभं राहून त्यांनीच आपल्याला गाडीत बसवून दिलं होतं. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये ते बाथरूममध्ये घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. मी लीड्सहून तीन आठवड्यांची रजा काढून आले. घरी आम्ही सगळे त्यांच्याभोवती उभे. दादा, वहिनी, आई, मी आणि दिवसाला ठेवलेले एक मामा. अण्णांनी मान वळवली की पाणी हजर. चहा मी बशीत ओतून त्यांच्या तोंडाला लावायचे. लघवीला भांडं पलंगावरच. बसवायचं झालं तर दोघांनी दोन बाजूंनी काखेत हात घालून वर ओढायचं. भेटायला येणारे म्हणायचे, “नशीबवान आहेत हो, मुलं किती करतात!” आम्हालाही ते ऐकून बरं वाटायचं.

डिस्चार्जच्या कागदावर ‘वॉकरने रोज चालवणे’ असं लिहिलेलं होतं. तो कागद मी स्वतः वाचला होता. पण अण्णा म्हणायचे, “आज नको, दुखतंय.” आणि आम्ही म्हणायचो, “बरं, उद्या.” तो उद्या काही आला नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये न्यूमोनियाने अण्णा गेले. चालले असते तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. पण शेवटचे आठ महिने ते स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत गेले असते. स्वाभिमानी माणूस होता. भांडं मागताना ते भिंतीकडे बघायचे, ते मी विसरू शकत नाही.

२०२१मध्ये माझ्या कंपनीने आमची अख्खी टीम कमी केली. दुसरी नोकरी शोधत असताना एक जाहिरात दिसली, ‘रिहॅबिलिटेशन असिस्टंट, कम्युनिटी टीम’. मराठीत पुनर्वसन सहायक म्हणू. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत ही खालच्या पायरीवरची नोकरी. पदवीची अट नाही, प्रशिक्षण तेच देतात. पगार माझ्या आधीच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी. मी अर्ज का केला ते त्या दिवशी मला नीट सांगता आलं नसतं. आज सांगता येतं.

घरी फोन केला तर आई गप्प झाली. मग म्हणाली, “एवढं इंजिनिअरिंग शिकवलं ते कुणाची मोरी धुवायला का?” सहा महिने तिनं नातेवाइकांना सांगितलं नव्हतं. मी तिला दोष देत नाही. अण्णांकडे येणाऱ्या मामांना आपण वेगळ्या कपात चहा देत होतो, ते मलाही आठवत होतं.

काम असं होतं. माणूस हॉस्पिटलमधून घरी आला, खुबा मोडलेला असो, पक्षाघात असो की लांबलेलं आजारपण, की आमची टीम त्याच्या घरी जायची. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट तपासून आराखडा ठरवायचे आणि आम्ही सहायक रोजच्या भेटींत तो करून घ्यायचो. इंग्लंडमध्ये अशी सेवा सहा आठवड्यांपर्यंत मोफत मिळू शकते. पहिल्या भेटीत पहिला प्रश्न ‘काय दुखतंय?’ हा नसायचा. ‘तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवंय?’ हा असायचा. एक आजी म्हणाल्या, पक्ष्यांना दाणे घालायचेत. एक बाई म्हणाल्या, न घाबरता अंघोळ. ते उत्तर फाइलमध्ये वर लिहायचं आणि पुढचा सगळा व्यायाम त्याच्यासाठी.

माझ्या पहिल्याच महिन्यातले एक आजोबा सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय चौऱ्याऐंशी, जन्मभर बस चालवलेली, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना हवं काय होतं, तर स्वतःच्या हातचा चहा. “तुम्ही लोक पाणचट करता,” म्हणाले. तिथं चहा करून बघणं ही खरोखरच एक तपासणी असते. माणूस उभा किती वेळ राहतो, तोल कसा सांभाळतो, क्रम लक्षात राहतो का, किटली पेलते का, हे सगळं एका कपात कळतं.

आजोबा वॉकर घेऊन स्वयंपाकघरात गेले. कप काढला. किटली अर्धीच भरली, कारण ती जड होते. दूध फ्रिजमधून काढताना हात थरथरला आणि ओट्यावर सांडलं. मी पटकन पुढे झाले, फडकं घेतलं, ओटा पुसला आणि त्याच ओघात कपात पाणीही ओतून दिलं. आजोबा काही बोलले नाहीत, खुर्चीत जाऊन बसले. बाहेर आल्यावर माझ्याबरोबरच्या अनुभवी सहायक बाई शांतपणे म्हणाल्या, “चहा छान झाला. पण तो तुझा चहा होता.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णांच्या तोंडाला लावलेली बशी आठवत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी एक उपाय केला. तो मला आपल्या शाळेनंच शिकवला होता. हाताची घडी, तोंडावर बोट. खरंच हाताची घडी घालून, तोल गेला तर धरता येईल इतक्या अंतरावर उभी राहायचे. लक्ष सगळं त्यांच्या पायांकडे आणि तोंड बंद. तुम्हाला वाटेल, यात काय कठीण? तुमच्यासमोर एक म्हातारा माणूस कप उचलायला चार वेळा प्रयत्न करतोय आणि तुम्ही नुसतं बघताय, हे करून बघा. माझं सगळं करिअर चूक दिसली की लगेच दुरुस्त करण्याचं. इथं मी दुरुस्त करणारी नव्हेच. दुरुस्ती त्यांच्या पायांत, त्यांच्या हातांत व्हायची होती.

आजोबांना पहिल्यांदा पूर्ण चहा करायला अकरा मिनिटं लागली. दोन्ही हात वॉकरला गुंतल्यावर भरलेला कप खुर्चीपर्यंत न्यायचा कसा, हा मोठा प्रश्न असतो. त्यासाठी चाकांची एक ट्रॉली मिळते. कप तिच्यावर ठेवून ती ढकलत न्यायची. पाचव्या आठवड्यात त्यांनी दोन कप केले. एक माझा होता. इतका कडक की पिववेना, पण मी पूर्ण प्यायले.

यामागचं शास्त्र साधं आहे. म्हातारपणी अंथरुणात पडून राहिलं की पायांचे स्नायू फार वेगाने झिजतात. दहा दिवसांतही फरक पडतो. म्हणून तिथली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की खुब्याच्या ऑपरेशननंतर, काही अडचण नसेल तर, दुसऱ्याच दिवशी माणसाला उभं करावं. हॉस्पिटलमध्ये दिवसभर पायजम्यात लोळणाऱ्या रुग्णांना उठवून, रोजचे कपडे घालून हिंडतं करण्यासाठी तिथं मोहीम निघाली होती. तिच्या नावातच ‘पायजमा पॅरालिसिस’ असे शब्द होते. हसू येतं, पण आमच्या घरात नेमकं तेच झालं होतं.

आता दुसरी गोष्ट. २०२३च्या शेवटी मी पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये आले. घराचे हप्ते असतात. मात्र एका आड एक शनिवारी अजून जाते. २०२४च्या फेब्रुवारीत दादाचा फोन आला. आई पडली होती. खुबाच.

मी आले. आठवड्यानं आई घरी आली आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, “पाणी दे गं.” तांब्या चार पावलांवर होता. सर्जनना मी आधीच विचारलं होतं, पायावर पूर्ण भार द्यायला हरकत नव्हती. मी म्हटलं, “आई, ऊठ. मी शेजारी आहे.” ती माझ्याकडे अशी बघत राहिली की ते सांगायला शब्द नाहीत. “लेक साता समुद्रापलीकडून आली आणि आईला पाणी देत नाही,” हे वाक्य दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत झालं होतं. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. दादाही चिडला. मी मोरीत जाऊन रडले. अण्णांच्या वेळी सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं, तेव्हा मी चुकत होते. आता जरा काही कळत होतं, तर मी दुष्ट ठरले होते.

तिसऱ्या दिवशी वहिनीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “नेमकं काय करायचं ते मला शिकवा.” तिथून गाडी सुरू झाली. सुताराकडून लाकडी ठोकळे करून आईचा पलंग चार इंच उंच केला, कारण खालच्या बैठकीवरून उठणं सगळ्यात अवघड. वॉकरची उंची बसवली. हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेला मूठ यायला हवी. उठताना आधी कडेला सरकायचं, पाय मागे घ्यायचे, हात पलंगावर टेकायचे, वॉकरला धरून ओढायचं नाही आणि नाक पायाच्या अंगठ्यांपुढे जाईल इतकं वाकायचं. मग माणूस जवळजवळ आपोआप उठतो. पायरीचा नियम तिथले लोक गमतीनं सांगतात, चांगला पाय स्वर्गात, दुखरा नरकात. म्हणजे चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. आमच्या घराचा उंबरा आईनं याच मंत्रावर ओलांडला, बाविसाव्या दिवशी.

पण खरा बदल एका प्रश्नानं झाला. मी तिला विचारलं, “आई, तुला काय करता यायला हवंय?” मला वाटलं होतं, देवपूजा म्हणेल. ती म्हणाली, “मला शाळेत जायचंय.”

आई आपल्याच संस्थेच्या बालवाडीत शिकवायची, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी कित्येकांचा हात धरून तिनं पाटीवर ‘अ’ गिरवून घेतलाय. त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, “तू मुलांचा हात किती दिवस धरायचीस?” ती म्हणाली, “सोडायचाच असतो. नाहीतर अक्षर माझंच येतं.” मग जरा थांबून हसली. त्यानंतर तिनं पाणी मागितलं नाही.

आपण सगळे पंचेचाळिशीत आहोत. आपले आईवडील सत्तरी-ऐंशीत आहेत. हा फोन प्रत्येकाला कधी ना कधी येणार आहे, म्हणून थोडं सांगते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, भार किती द्यायचा, केव्हापासून चालवायचं. प्रत्येक ऑपरेशन वेगळं असतं. फिजिओथेरपिस्टला निदान काही दिवस घरी बोलवा आणि ते काय करतात ते स्वतः शिकून घ्या. काखेत हात घालून ओढू नका. त्यांचा खांदा आणि तुमची कंबर, दोन्ही जातात. मोरी कोरडी ठेवा, पायपुसणी उचला, रात्री दिवा असू द्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मदतीला धावण्याआधी मनात दहा अंक मोजा. सेवा करू नका, असं मी म्हणत नाही. ज्याला खरंच उठता येत नाही, त्याचं सगळं करायलाच हवं. पण ज्याला उठता येईल, त्याचं उठणं आपल्या प्रेमापोटी काढून घेऊ नका. आम्ही अण्णांचं काढून घेतलं.

आणि घरी येणाऱ्या मामांना, मावशींना आपल्याच कपात चहा द्या. त्यांचं काम मी केलंय. ते सोपं नाही.

आई आज इथं आली आहे. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. काठी घेऊन, रिक्षापासून हॉलपर्यंत स्वतः चालत. कार्यक्रमानंतर पायऱ्यांपाशी तिला वेळ लागेल. तुम्ही सगळे तिचे विद्यार्थी, हात द्यायला धावाल, मला माहीत आहे. धावू नका. जवळ उभे राहा आणि विचारा, “बाई, हात देऊ का?” बहुतेक ती नको म्हणेल. मग फक्त हाताची घडी, तोंडावर बोट.