जामीन छापखान्याचा, तोंड बंद लेखकाचे



अध्यक्षाने मराठीच्या थोरवीवर बोलावे आणि कोणालाही न दुखावता खाली बसावे, अशी आपल्याकडची रीत आहे. ती मी आज पाळणार नाही. तुमच्यातल्या बहुतेकांचे लिखाण आता फेसबुकवर नाहीतर यूट्यूबवर प्रसिद्ध होते. त्याची मुस्कटदाबी कशी होते, हे लेखकांच्या मेळाव्यात बोलायचे नाही तर कुठे?

१९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला तो मुंबई हायकोर्टात, सगळ्यांदेखत. सरकार परके होते, नऊ ज्युरींपैकी सात युरोपीय होते. तरी आरोप काय ते टिळकांना ठाऊक होते, त्यांनी दिवसचे दिवस स्वतःची बाजू मांडली, दोन हिंदी ज्युरींनी त्यांना निर्दोष मानले. शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. पण १९१० च्या प्रेस ॲक्टने सरकारला सोपी वाट दिली. लेखकाला पकडून त्याला व्यासपीठ कशाला द्यायचे? छापखान्याकडे जामीन मागायचा आणि मजकूर खुपला की तो जप्त करायचा. शि. म. परांजप्यांचे ‘काळ’ त्याच वर्षी जामिनापायी बंद पडले.

आजचे छापखाने म्हणजे फेसबुक-यूट्यूबसारख्या कंपन्या, आणि त्यांचा जामीन म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९. लोकांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल कंपनीवर खटला भरता येऊ नये, यासाठी ते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यालाच हात घातला. केंद्राच्या कारभाराबद्दल लिहिलेले खरे की खोटे हे केंद्राचेच ‘फॅक्ट चेक युनिट’ ठरवणार, आणि त्याने खोटे म्हटलेले ठेवणाऱ्या कंपनीचे संरक्षण धोक्यात! तुमच्या चार ओळींसाठी कोणती कंपनी सरकारशी भांडेल? तिला इथे धंदा करायचा आहे.

कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्ड मुंबई हायकोर्टात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध मानला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेलांशी सहमती दर्शवली आणि नियम पडला. लढले एक विनोदी कलाकार आणि पत्रकार. त्या दीड वर्षात आपल्या किती साहित्यसंस्थांनी साधा ठराव तरी केला, याचे उत्तर इथे बसलेल्या पदाधिकाऱ्यांनी द्यावे.

‘अफवांनी माणसे मरतात, त्याचे काय?’ असे मला विचारतात. मरतात, हे खरे आहे. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवण्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. ते आठवले की आजही माझा संताप होतो. म्हणूनच सांगतो, त्या पाच जणांची ढाल करू नका. तो नियम तेव्हा असता तरी त्या अफवेला लागू झाला नसता, कारण त्यात राखण होती ती फक्त केंद्र सरकारच्या कारभाराची.

नियम पडला, तरी दुसरे दार उघडे आहे. गृह खात्याच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून मजकूर काढण्याच्या नोटिसा थेट कंपन्यांना जातात. एक्स कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हरली. मला त्या कंपनीच्या मालकाचा मुळीच कळवळा नाही. मला चिंता आहे ती ज्याचा मजकूर उडतो त्याची. नोटीस कंपनीला जाते. लिहिणाऱ्याने दाद मागायची ती कोणत्या कागदाच्या आधारावर?

हे एकाच पक्षाचे पाप आहे, असे समजून कोणी खूश होऊ नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या एका मुलीला, आणि ते नुसते लाइक केले म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. राज्यात तेव्हा काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते. श्रेया सिंघल ही तरुणी सुप्रीम कोर्टात गेली म्हणून २०१५ मध्ये त्या अटकेसाठी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-अ हे कलम रद्द झाले. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरच्या कामराच्या विडंबनगीतावरून त्यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी आपल्या खारमधल्या हॅबिटॅट या कार्यक्रमाच्या जागेची तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन तिथेच पोचले. गाणे म्हटले कलाकाराने, घाव पडले जागेवर! उद्या हे सभागृह आपल्याला भाड्याने देताना विश्वस्तांनी दहा वेळा विचार केला, तर तो कुठल्या भीतीने, हे मी वेगळे सांगायला हवे का?

म्हणून अध्यक्षपदावरून ठराव मांडतो. मजकूर काढण्याचा प्रत्येक सरकारी आदेश लेखी, सकारण आणि जाहीर असावा. लिहिणाऱ्याला आधी कळवून त्याचे म्हणणे ऐकावे. आणि अखेरचा निर्णय कोर्टाने द्यावा, खात्याने नव्हे. अनुमोदकांची नावे इतिवृत्तात लिहिली जातील आणि ठरावासोबत दिल्लीला जातील. ज्यांना हे मान्य आहे, त्यांनीच हात वर करावा. कोण अनुमोदन देते?