उघडता येणारी गाडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ‘सभासदांचे मनोगत’ या कार्यक्रमातील भाषण)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, “रिमोटच्या गाड्या.” ते थोडा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, “काका, पाण्याच्या टाकीवर बोला की. पंचवीस वर्षांचा इतिहास आहे.” टाकीचा इतिहास मोठा आहे हे खरं, पण त्यावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. गाड्यांवर मी एकटाच.

मी मूळचा केदारखेड्याचा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. आयटीआय करून वाळूजला आलो आणि तीस वर्षं टूलरूममध्ये प्लास्टिकचे साचे बनवले. त्यामुळे झालंय असं की, नवीन बादली घरात आली तरी मी आधी ती उलटी करून साच्याची रेघ कुठे आली ते बघतो. सौ. म्हणतात, “लग्नाच्या बोलणीलासुद्धा तुम्ही कपबशी उलटी करून बघितली होती.” असेल. खेळण्याकडे मी बघतो ते याच नजरेनं.

आज बाजारात जी रिमोटची गाडी मिळते ती गुलमंडीवरून आणा नाहीतर राजूरच्या गणपतीच्या जत्रेतून, दोन दिवसांत बंद पडते. बंद पडली म्हणून तक्रार नाही, यंत्र आहे, बंद पडणारच. तक्रार ही की ती उघडता येत नाही. टप चिकटवलेला, आतले गिअर दाबून बसवलेले, सुटा भाग कुठं मिळत नाही. लेकरू एकदा रडतं, दुसऱ्यांदा रडतं, तिसऱ्यांदा त्याला कळतं की वस्तू फेकायचीच असते.

याच्या उलट किटची गाडी. डबा उघडला की त्यात गाडी नसतेच. असतात पिशव्या: स्क्रू, बेअरिंग, गिअर, शॉकअॅब्सॉर्बरचे तुकडे, त्यात भरायचं तेल, एक मोटर आणि पारदर्शक प्लास्टिकचा टप. तो टप आतून रंगवायचा, म्हणजे बाहेर ओरखडा पडला तरी रंग जात नाही. आतून रंगवायचा म्हणून क्रमही उलटा, आधी गडद रंग, मग फिका. आमच्या नातवानं पहिल्यांदा आधी पिवळा मारला, मग काळा. बाहेरून सगळं पिवळंच दिसलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

अशा किटांमध्ये जगात मोठं नाव जपानच्या शिझुओका गावातल्या तामिया कंपनीचं. मूळचा लाकडाचा धंदा, १९४६ मधला. १९७६ मध्ये त्यांनी पहिली रेडिओवर चालणारी गाडी काढली, पोर्शे ९३४. त्या गाडीचं मॉडेल बरोबर यावं म्हणून शुन्साकू तामियांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती पूर्ण खोलून मोजमापं घेतली. टूलरूमच्या माणसाला यातलं प्रेम कळतं. बाकीच्यांना वेडेपणा वाटेल.

आता माझी इच्छा. मला लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या जुन्या गाड्यांची नवी किटं हवी आहेत. फ्रान्समध्ये ले मान्स गावाला १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होते. साडेतेरा किलोमीटरच्या वाटेवर रात्रंदिवस फेऱ्या मारायच्या, चालक पाळीपाळीनं बदलायचे, गाडी तीच. १९६९ पर्यंत तिथं सुरुवात अशी व्हायची: चालक रस्त्याच्या एका बाजूला, गाड्या दुसऱ्या बाजूला, झेंडा पडला की पळत जाऊन गाडीत उडी मारायची. त्या वर्षी जॅकी इक्स नावाचा चालक पळालाच नाही. निवांत चालत गेला, पट्टा नीट लावला आणि सगळ्यांच्या मागून निघाला. पहिल्याच फेरीत दुसऱ्या एका चालकाचा अपघातात जीव गेला. आणि चोवीस तासांनंतर इक्सची फोर्ड जीटी ४० पहिली आली, दुसऱ्या गाडीच्या फक्त शंभर-सव्वाशे मीटर पुढे. पुढच्या वर्षापासून ती पळापळ बंद झाली. (आपल्या गेटमधून हेल्मेट कोपरात अडकवून निघणाऱ्या मंडळींकडे मी मुद्दाम बघत नाहीये.)

मला या शर्यतीचं कौतुक वेगासाठी कमी आणि दुरुस्तीसाठी जास्त आहे. २००० साली ऑडीनं जी आर८ आणली तिचा मागचा अख्खा भाग, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनसकट, चार-पाच मिनिटांत काढून दुसरा बसवता यायचा. मुळात गाडी आखतानाच विचार केलेला की हे बिघडणार आहे, तर ते निघालं पाहिजे. ऑडीनं २००० ते २०१४ या काळात ही शर्यत १३ वेळा जिंकली. त्याच ऑडीच्या गाड्या आपल्या शेंद्र्याला जुळवल्या जातात. आपल्या सोसायटीतून रोज सकाळी तिकडे बस जाते, हे पोरांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटत नाही.

२००६ मध्ये तर ऑडीची आर१० डिझेलवर चालून जिंकली. ले मान्सला डिझेल गाडी पहिली येण्याची ती पहिलीच वेळ. केदारखेड्यात हे सांगितलं तेव्हा माझा पुतण्या खुर्चीतून पुढे सरकला. त्याच्या वडलांनी, म्हणजे आमच्या थोरल्या भावानं, पूर्णेच्या काठी डिझेल इंजिनावर रात्र-रात्र पाणी दिलेलं. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत इंजिन मध्यरात्री बंद पडलं तर मिस्त्री येत नसे. कंदिलाच्या उजेडात नोझल काढायचं, पुसायचं, हवा काढायची, हँडल मारायचं. त्याला चोवीस तास इंजिन चालवण्यातली अडचण समजावून सांगावी लागली नाही. आर१० चं किट कुणी काढलं तर पहिलं गिऱ्हाईक भोकरदन तालुक्यातलं असेल. हे मी साचेवाला म्हणून लिहून देतो.

दोन वर्षांपूर्वी मुलानं परदेशातून एक बग्गीचं किट आणलं. ते मी उन्हाळ्यात मुद्दाम गावी नेलं. ओसरीवर सतरंजी टाकली, ताटात स्क्रू वेगळे केले. नातू, पुतण्याची दोन लेकरं आणि शेजारची एक मुलगी, अशी चार जण. डिफरन्शियलची पिशवी आली आणि गाडं अडलं. “आबा, दोन्ही चाकं एकाच दांड्याला लावून टाकू ना, एवढे बारके गिअर कशाला?”

मी विचारलं, “खळं बघितलंय का?” कुणीच बघितलेलं नव्हतं. आता मळणीयंत्र येतं आणि तासाभरात जातं. पुतण्यानंही लहानपणी एखादंच बघितलेलं. मग मी सांगितलं. जमिनीला पाणी मारून, बैल फिरवून, वर शेणाचा सडा-सारवण करून खळं तयार करायचं, फरशीसारखं. मधोमध मेढ. मेढीला बैलांची पात बांधायची आणि गोल फिरवायची. आता बघा, सगळे बैल एकाच दावणीत, पण मेढीजवळचा जागच्या जागी वळल्यासारखा चालतो आणि कडेच्या बैलाला पळावं लागतं. म्हणून म्हातारा बैल आत, तरणा बाहेर. गाडी वळताना आतलं चाक म्हातारा बैल असतं आणि बाहेरचं तरणा. दोघांना एकाच वेगानं चालवलं तर एक जण फरफटणार. ते बारके गिअर दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतात.

त्या मुलीनं लगेच चाक हातानं फिरवून बघितलं. एक पुढं फिरवलं की दुसरं मागं जातं. ती तासभर तेच करत होती.

आमच्या वेळी आम्ही ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करायचो आणि जुन्या चपलेची चाकं कापून तारेच्या मोटारी. त्या खळ्यावर जितक्या छान पळायच्या तितक्या कुठेच नाही. शिक्षण म्हणून कुणी काही केलं नव्हतं. हेच काम पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी जाणीवपूर्वक केलं, टाकाऊतून खेळणी आणि खेळण्यातून विज्ञान. तिथं मी एकदा गेलो होतो. तासाभरासाठी गेलो आणि संध्याकाळची बस चुकवली.

तर, बग्गी गावात झकास पळाली. मातीतून, गोट्यांवरून, कोंबड्यांच्या मागून. पण नातवाला हवी होती १९९१ ची माझदा ७८७बी, नारिंगी-हिरवी, ५५ नंबरची. ले मान्स जिंकणारी पहिली जपानी गाडी. इंजिनात पिस्टनच नाहीत, फिरणारे तिकोनी रोटर. आणि एक गोष्ट मला फार आवडते: त्या काळातल्या नावाजलेल्या गाड्यांवर बहुतेक सिगारेटचं नाहीतर दारूचं नाव. पोर्शे ९५६ वर रोथमन्स, जॅग्वारवर सिल्क कट, त्याआधी मार्टिनी. आज मुलांच्या डब्यावर ते छापता येणार नाही, मग गाडी ओळखीची वाटत नाही. माझदावर मोठं नाव होतं रेनाउन, कपड्यांची कंपनी. निर्धोक.

अशी किटं मुख्यतः १९८० नंतरच्या दहा-बारा वर्षांत निघाली. आता जुन्या साच्यातून पुन्हा काढतात ते जास्त करून बग्ग्याच. हॉर्नेट १९८४ ची, पुन्हा निघाली २००४ मध्ये. सँड स्कॉर्चर १९७९ ची, पुन्हा २०१० मध्ये. कारण सरळ आहे. बग्गी कुठेही पळते. माझदा दहाव्या मापात केली तर दीड फूट लांब आणि जेमतेम चार इंच उंच होते, पोट जमिनीला टेकायला आलेलं. तिला खळं लागतं. शिवाय आपल्याकडे आयात महाग. खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांचं ६० झालं, २०२३ मध्ये ७०. २०२१ पासून आयएसआय मार्कही सक्तीचा. चिकटवलेली फालतू खेळणी अडली असतील तर मी खूश आहे, पण किटही त्याच टोपलीत गेलं.

मग इथंच का करू नये? मी हे हौसेनं बोलत नाही, हिशेबानं बोलतो. बग्गीच्या सांगाड्याला इंजेक्शन मोल्ड लागतो. कोअर, कॅव्हिटी, पोलाद, महिनोन्महिने काम. पण या बसक्या गाड्यांचा सांगाडा सपाट असतो. फायबरच्या दोन-तीन पट्ट्या सीएनसीवर कापायच्या, मध्ये ॲल्युमिनियमचे खांब. टपाला साचा एकाच बाजूचा लागतो. शीट तापवायची, साच्यावर ठेवायची, खालून हवा ओढायची. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूलरूम आहे, वाळूजला गल्लोगल्ली टूलरूम आहेत. विकायचं म्हटलं तर मूळ कंपनीची परवानगी घ्यावी लागेल, ते कुणी तरुण उद्योजकानं बघावं. मोटर, बॅटरी, रिमोट तर तयार मिळतात. पूर्वी रिमोटला क्रिस्टल असायचे. दोघांचा नंबर एकच निघाला तर याच्या रिमोटवर त्याची गाडी पळायची, भांडणं व्हायची. आताच्या रिमोटला ती भानगड नाही, दहा मुलं एका वेळी चालवू शकतात.

राहिला प्रश्न खळ्याचा, आणि इथं मी सोसायटीच्या दारात येतो. पार्किंगमध्ये मुलांनी खेळू नये हा ठराव आहे. गाड्यांना चेंडू लागतो, काचा फुटतात, ठरावामागचं कारण मला मान्य आहे. पण बी विंगच्या मागची कोबा केलेली जागा रविवारी सकाळी सात ते नऊ रिकामीच असते, कारण ती टँकरसाठी राखलेली आहे आणि रविवारी टँकर येत नाही. (बघा, पाण्याच्या टाकीवर आलोच शेवटी.) तेवढे दोन तास मुलांना द्यावेत, असा लेखी अर्ज मी कमिटीकडे दिला आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तो येईल. त्यावर सह्या आहेत अकरा, त्यातल्या चार आज्यांच्या.

अर्ज मंजूर होईपर्यंत आम्ही बसून नाही. माझदाच्या टपाचा लाकडी साचा केदारखेड्याला पुतण्याच्या शेडमध्ये सुरू आहे, बाभळीचा नको म्हटलं, आंब्याचा घेतलाय. पुढचं नाक झालं, मागचा पंखा राहिलाय. साचा दिवाळीनंतर इकडे येईल. शीट ओढायला हवा खेचणारं काही तरी लागेल. कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला जुना व्हॅक्यूम क्लीनर पडून असेल, तर बी विंग, तळमजला, डावीकडचं दार. येताना जाळीतला कचरा तेवढा काढून आणा.